मैत्री काही मागत नाही

थेरगाव,
६ जुलै २०२५

ती. अक्का,

जय भीम. परवा फोन मध्येच ठेवला म्हणून रागावू नकोस. तू तिकडून सारखं 'काय?' म्हणतेस, मी इकडून ओरडतो, आणि शेजारीपाजारी दार उघडून बघतात की म्हातारा कुणाशी भांडतोय. तुझं कानाचं मशीन दुरुस्त होऊन आलं तरी आपण आता कागदावरच बोलू. शिवाय आजची गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. ती या घरातल्या कुणाच्या कानावर जाता कामा नये.

घरात काहीतरी शिजतंय. मला वास येतोय, पण भांडं कुठलं ते सापडत नाही.

आपली मैत्री यंदा सहावीत गेली. तिचा स्वभाव तू दिवाळीत आलीस तेव्हा पाहिलास. ते चाकाचे बूट हवेत म्हणून तिनं तुझ्यासमोर ताट बाजूला सारलं होतं. आज बूट, उद्या घड्याळ, परवा कुणाकडे तरी आहे म्हणून मलाही. नागसेनला एकच मुलगी, तो आणून देतो, आणि मी आपला कोपऱ्यातून बडबडतो. अंजली सूनबाई म्हणायची, बाबा, आजकाल सगळ्याच मुलांचं असं असतं.

तर अक्का, मे महिन्यापासून ही पोरगी काही मागत नाही. काहीच नाही. शाळेचे बूट आखूड झालेत, बोटं दुमडून घालते. मी म्हटलं नवे घेऊ, तर म्हणते, "बसतात आजोबा." डान्सचा क्लास सोडला, का तर कंटाळा आला. सहलीचा कागद शाळेतून आला तो तिनं घरी दाखवलाच नाही. मला तो दप्तर झटकताना सापडला. जेवताना पानात पडेल ते मुकाट खाते. परवा तर अंजलीनं आपणहून आइस्क्रीमचं विचारलं, आणि ही म्हणाली, घसा दुखतोय. घसा ठणठणीत आहे. मी टॉर्च लावून बघितला.

तू म्हणशील, सुधारली पोरगी, आनंद मान. मला आनंद होत नाही. मी चौतीस वर्षं फाउंड्रीत काढली. भट्टी एकदम शांत झाली की आम्ही आधी दोन पावलं मागं सरकायचो, मग विचारायचो काय झालं. ज्याला बाहेरून मिळायला लागतं तो घरात मागायचं सोडतो, असा माझा अनुभव आहे. हल्ली मोबाइलवरून कोण कुठल्या पोरीला काय कबूल करतो, पेपरात रोज वाचतो. हिला कुणीतरी काहीतरी देतंय.

आपण असे होतो का गं? वर्षाचा एक कपडा, तोही चौदा एप्रिलला. बाजाराच्या दिवशी तू मला ओढ्याच्या वाटेनं न्यायचीस, वाटेत बोरं वेचायची, खिसे भरायचे, आणि घरी यायचं. बाजारात काय मिळतं याची मला फिकीरच नव्हती. आमच्यासारखं समाधानी पोर शोधून सापडणार नाही, हे मी मैत्रीला शंभरदा सांगितलंय. ते ऐकून ती सुधारली असेल असं तुला वाटत असेल तर तसं नाही. माझं ऐकून आजवर या घरात पंखासुद्धा बंद झालेला नाही.

नागसेनचं मात्र उत्तम चाललंय. चाकणच्या कंपनीत तीन शिफ्टचा फेरा संपला, कायमची दिवसाची जनरल मिळाली. आमच्या पट्ट्यात गुरुवारी कंपन्या बंद असतात, तर हा गुरुवारीसुद्धा ओव्हरटाइमला जातो. मैत्रीची आजी गेल्यापासून धुण्याचं खातं माझ्याकडे आहे, म्हणून सांगतो, त्याच्या युनिफॉर्मला हल्ली डाग नसतो. परवा जेवताना मी चेष्टेनं म्हटलंसुद्धा, "काय राव, कंपनीत काम करता का नुसते हिंडता?" तो हसला. साहेब झाला बहुतेक, सांगत नाही.

तू मास्तरीण. तुझ्या हाताखालून हजारभर पोरं गेली. हिचं काय असेल ते कळव.

तुझा
भिमू

*

अंबाजोगाई,
१५ जुलै २०२५

चि. भिमूस,

जय भीम आणि आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. पोरगी मागत होती तेव्हा तुझी बोंब, मागत नाही तेव्हाही तुझी बोंब. तिनं करावं तरी काय, तुला विचारून मागावं?

पण हसून झाल्यावर पुन्हा वाचलं, आणि बुटांपाशी थांबले. आखूड बुटात बोटं दुमडून घालणारी पोर मी वर्गात पाहिली आहे. जिला बाहेरून मिळतं ती पोर अशी नसते, ती मिरवते. नवं खोडरबर मिळालं तरी दहा जणींना वास घ्यायला लावते. तेव्हा तुझा तो मोबाइलवरचा राक्षस तूर्त बाजूला ठेव. तिचं दप्तर झटकायचंही बंद कर. अकरा वर्षांच्या मुलीच्या घशात टॉर्च मारणारा आजोबा मी पहिल्यांदाच ऐकला.

माझा संशय दुसरीकडे जातो. सांगू का नको असं झालंय, पण तू भाऊ आहेस. अंजली दिवसभर दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला उभी असते, घरी येऊन स्वयंपाक करते. थकलेली बाई बोलून जाते. दिवाळीत ती मैत्रीला म्हणाली होती, 'तुझे लाड पुरवता पुरवता आम्ही म्हातारे होऊ.' मी तेव्हा काही बोलले नाही. असंच काही जिव्हारी लागेल असं बोलली असेल, आणि पोरीनं मनात घेतलं असेल. आईनं टाकून बोललं की मुली मागायचं सोडतात. नीट बघ, पण बघतोयस हे दिसू देऊ नकोस. आणि सुनेला तोंडावर विचारायला जाऊ नकोस, तुला विचारता येत नाही, तू उलटतपासणी घेतोस.

आपल्या समाधानाचं तू लिहिलंस, त्यावर मला बोलायचं आहे, पण आज नको. डोळ्यात औषध घालायची वेळ झाली.

तुझी
अक्का

*

थेरगाव,
३ ऑगस्ट २०२५

ती. अक्का,

तू सांगितलंस विचारू नकोस, आणि मी विचारलं. आता बोलून उपयोग नाही.

झालं असं की तुझं पत्र आल्यापासून मी अंजलीकडे बघायला लागलो. बघायला लागलं की काहीही दिसतं. ती फोनवर बोलताना गॅलरीत जाते, ते दिसलं. मैत्रीच्या डब्यात सलग तीन दिवस बटाटाच, ते दिसलं. शेवटी रविवारी मी म्हणालो, पोरीला काय बोलतेस गं तू, ती अशी दबून का राहते? अंजलीनं हातातली कणीक तशीच ठेवली. म्हणाली, तिच्यात काय बदल झालाय तो मलाही दिसतो बाबा, मला वाटलं तुम्ही तिला सारखे समाधानाचे धडे देता त्याचा परिणाम आहे. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा देते, पण कप जरा जोरात ठेवते.

नागसेन या सगळ्यात नसल्यासारखा. सकाळी युनिफॉर्म घालून, पाठीला बॅग लावून जातो, संध्याकाळी येतो, अंघोळ करतो, टीव्हीपुढे बसतो. दमलेला असतो म्हणून मी त्याला यात ओढलं नाही. मैत्री त्याच्याशी बोलत नाही. पूर्वी आला की बॅगेत हात घालायची, कॅन्टीनचं काय आणलं म्हणून. आता तो आला की उठून आत जाते. ते पाहून मला वाटलं, हिचा राग बापावर आहे.

आणि तसंच निघालं.

परवा संध्याकाळी नागसेन आला, अंघोळीला गेला. त्यानं उतरवलेला युनिफॉर्म मी नेहमीप्रमाणे ड्राय बाल्कनीतल्या बादलीत टाकला आणि पावडर आणायला आत आलो. परत गेलो तर मैत्री तिथं उकिडवी बसलेली. बापाचा शर्ट मांडीवर पसरलेला. हाताची बोटं काळी. नागसेनच्या बाइकच्या चेनचं ग्रीस तिनं कागदात आणलं होतं, आणि ते शर्टाच्या बाहीला, पोटापाशी, नीट बोटानं फासत होती. चित्र रंगवावं तसं, जीभ बाहेर काढून.

अक्का, मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. गेले दोन आठवडे मी ते डाग सोडा घालून घासतोय. मनात म्हणतोय, बरं झालं, पोरगा पुन्हा मशीनवर हात काळे करतो. आणि ते ही कार्टी लावत होती. स्वतःच्या बापाचा कपडा.

मी तिला तिथं काही बोललो नाही. जेवायला सगळे बसल्यावर शर्ट आणून मध्ये टाकला आणि काय पाहिलं ते सांगितलं. विचारलं, "का केलंस?"

 मग तिनं नागसेनकडे बघितलं. नागसेन ताटाकडे बघत होता. मग म्हणाली, "मला पप्पांचा राग येतो म्हणून."

अंजलीचा हात उठला. मी आजवर तिला पोरीवर हात उचलताना पाहिलं नव्हतं. मैत्री रडली नाही. नागसेन ताटावरून उठला, हात न धुता खाली गेला, आणि बऱ्याच वेळानं वर आला.

मी खरं तेच बोललो ना? मग घरात सगळे माझ्याकडे मीच चोरी केल्यासारखं का बघतात? मैत्री आता मला 'आजोबा' अशी हाकही मारत नाही. तिच्या शाळेत जाऊन बाईंना भेटावं असं ठरवतोय. कुणाची संगत लागली ते शोधून काढल्याशिवाय राहणार नाही.

तुझा
भिमू

*

अंबाजोगाई,
११ ऑगस्ट २०२५

चि. भिमूस,

शाळेत जाऊ नकोस. हे पत्र मिळेल तिथं बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी माझी चूक. अंजलीचं नाव मी घ्यायला नको होतं. तिला माझ्यातर्फे सांग की अक्का म्हातारी झाली, तिला दुरून दिसत नाही. नाही तर मीच लिहीन.

आता शर्टाचं. तुझं पत्र मी चारदा वाचलं. राग काढायचा तर पोरगी शर्ट फाडेल, शाई ओतेल. ही कामावरचा डाग कामावरच्या जागी लावते, आणि जीभ बाहेर काढून लावते. भिमू, पोर जीभ बाहेर काढते ती काम नीट व्हावं म्हणून, रागात नाही. आणि मला सांग, तो शर्ट धुतो कोण? तूच ना? मग तो डाग कुणी बघावा म्हणून होता? आधी तिनं कधी लावला नव्हता. तुझ्याच पत्रात आहे, तू जेवताना चेष्टा केलीस की कपडे स्वच्छ कसे, कंपनीत काम करतोस का हिंडतोस. त्यानंतर डाग यायला लागले.

नागसेनचे कपडे स्वच्छ का होते, हे तुला विचारायला हवं होतं. ते सोडून तू पोरीचा घसा तपासत बसलास. तुझ्या पत्रांत पोरीचे बूट आहेत, सुनेचे बटाटे आहेत, आणि मुलाबद्दल काय तर उत्तम चाललंय. कंपनीत जाऊन ये. त्याला न सांगता जा, आणि तिथं आवाज चढवू नकोस.

आणि आता ते समाधानाचं. मागच्या वेळी डोळ्यांचं निमित्त केलं, खरं म्हणजे लिहवत नव्हतं.

ओढ्याची वाट लांबची होती, भिमू. शाळेमागून सरळ गेलं की बाजार पाच मिनिटांत यायचा. पण त्या वाटेवर आधी भजीवाला बसायचा, मग रेवड्यांची गाडी, मग फुगे. एकदा तू भज्यांपाशी फतकल मारून बसलास आणि काही केल्या उठेनास. बाबा सोबत होते. त्यांनी खिशात हात घातला आणि तो तसाच खिशात ठेवून उभे राहिले. लोक बघत होते. मी तेव्हा चौथीत होते. त्या बाजारापासून मी तुला ओढ्याच्या वाटेनं न्यायला लागले. तुला बोरं आवडायची म्हणून वेचत नव्हतो, त्या वाटेवर तेवढंच फुकट होतं. बाबांनी मला तसं सांगितलं नव्हतं. आईनंही नाही. पण पुढच्या बाजाराला बाबा म्हणाले, 'पोरांनो, तुम्ही तुमचे या, मी म्होरं जातो,' आणि माझ्याकडे बघितलं, ते मला अजून आठवतं.

तू समाधानी होतास, कारण तुला काही दिसलं नाही. मला त्या वाटेनं कुणी नेलं नाही. मला सगळं दिसत होतं, आणि मला भजी फार आवडायची. आयुष्यभर तू आपलं समाधान लोकांना सांगत आलास, मी ऐकत आले आणि गप्प बसले, म्हटलं, याला सुखाचं काहीतरी आठवू दे. पण आता तू तेच एका पोरीच्या डोक्यावर मारतोयस, म्हणून सांगावं लागलं.

माणूस मागायचं सोडतो ते दर वेळी पोट भरलं म्हणून नाही. समोरच्याचा हात खिशात अडकलेला एकदा दिसला की मागवत नाही. मैत्रीला काहीतरी दिसलंय. काय, ते तू बघ. आणि बघून झालं की ती आणखी एका डागाची मालकीण होणार नाही एवढं कर. रागाचा आळ तिनं आपणहून अंगावर घेतलाय, आणि घरातल्या सगळ्यांनी तो तिला घेऊ दिला.

तुझी
अक्का

*

थेरगाव,
२४ ऑगस्ट २०२५

ती. अक्का,

ओढ्याच्या वाटेबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. लिहायला बसलो होतो, जमलं नाही. समोर आलो की बोलू, कानात मशीन घालून ठेव.

गुरुवारी नागसेन नेहमीसारखा ओव्हरटाइमला म्हणून निघाला. त्याच्या मागोमाग मी बस धरून चाकणला गेलो. एमआयडीसीत उतरलो तर रस्ता रिकामा. चहाच्या टपऱ्या बंद, पार्किंग ओस, एकाही धुराड्याला धूर नाही. चौतीस वर्षं माझी सुट्टी गुरुवारची होती. गुरुवारी इथं कुत्रंसुद्धा कामावर नसतं हे मला ठाऊक. तरी दोन महिने पोरगा गुरुवारी युनिफॉर्म घालून जात होता आणि मी कॉलनीत सांगत होतो, आमच्या नागसेनला ओव्हरटाइमला उसंत नाही. काम मिळतंय म्हटल्यावर आमच्या पिढीचा माणूस पुढचं विचारत नाही.

गेटवर रंगराव नावाचा वॉचमन होता, आपल्याकडचाच, केजचा. मी नागसेनचं नाव घेतलं. तो म्हणाला, "काका, ती लाइनच उचलली की. एप्रिलमधी. धा-बारा पोरांचं काम गेलं त्यात." मग माझ्याकडे बघून स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो. पाणी प्यालो. आणखी काही विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा मैत्री शाळेतून आलेली होती, अंजली कामावर. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, मी आज चाकणला जाऊन आलो. एवढंच म्हणालो. अक्का, पोरीचा चेहरा असा झाला जसं मी तिचं काही फोडलं. पहिलं वाक्य काय बोलावी? म्हणाली, "आजोबा, तुम्हाला माहीत नाही असं करा ना. पप्पांना कळलं तर ते उद्यापासून कुठं जातील?"

मग तुकड्यातुकड्यानं सांगितलं. तिची वर्गमैत्रीण अनुया, ती मोशीच्या नव्या सोसायटीत राहायला गेली. मेमध्ये तिचा वाढदिवस होता. ऐन केकच्या वेळी बेल वाजली. दारात पार्सलवाला. कंपनीचा नव्हे, कुरिअरचा टी-शर्ट, पाठीवर खोक्याएवढी बॅग. तो नागसेन होता. पप्पांनी तुला बघितलं का, मी विचारलं. म्हणाली, हो. मग? मग ते गेले, म्हणाली. संध्याकाळी घरी आले तर युनिफॉर्म घालून. त्यानंतर दोघंही त्यावर एक अक्षर बोलले नाहीत.

तेव्हा समजलं ती काही का मागत नव्हती. आणि मी ती चेष्टा केल्यावर तिला वाटलं, आजोबा कपडे धुतात, आजोबा फाउंड्रीतले, आजोबांना आधी कळणार. म्हणून ग्रीस. माझ्यापासून लपवायला पोरगी हात काळे करत होती, आणि मी ते हात भर जेवणात सगळ्यांना दाखवले.

तिनं सांगितलं तसं 'माहीत नाही असं' मला करता आलं नाही. तू लिहिलंस ते डोक्यात होतं. संध्याकाळी नागसेन आला तसा मी त्याला खाली घेऊन गेलो. पार्किंगमध्ये उभं राहून म्हणालो, "उद्यापासून युनिफॉर्म घालू नकोस. पार्सल टाकणं काय चोरी नाही." त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही कॉलनीत इतकं सांगत होता." एवढंच. मी बाइकच्या सीटला धरून उभा राहिलो. माझा राग कुठं गेला कळलं नाही.

अंजलीला त्यानंच सांगितलं, त्याच संध्याकाळी. ती रडली, पण नोकरीसाठी नाही. मैत्रीला मारलं होतं म्हणून. पोरीला पोटाशी घेऊन बसून राहिली. मला म्हणाली, बाबा, बटाटे स्वस्त पडतात म्हणून देत होते, दवाखान्यात माझेही दिवस कमी केलेत. घ्या. तीही लपवत होती. मी तिची माफी मागितली, तुझीही सांगितली. आता कप हळू ठेवते.

नागसेन आता उघड उघड कुरिअरचा टी-शर्ट घालून निघतो. मी तो धुतो. घरात बोलणं सुरू झालंय. एकच गोष्ट तशीच राहिली. मैत्री अजून काही मागत नाही. मी म्हणतो, आता तर सगळं मोकळं झालं, पप्पा कमावतात, बूट तरी माग. ती म्हणते, काही नको. बापाजवळ बसते, पण सांडशीनं धरून बसवल्यासारखी. काहीतरी अजून आत आहे आणि ते ती मला सांगणार नाही. मी माझा भरवसा घालवलाय. तुझ्याशी तिचं वाकडं नाही. तू तिला लिहिशील?

तुझा
भिमू

*

अंबाजोगाई,
३० ऑगस्ट २०२५

चि. मैत्रीस,

ओळखलंस का? दिवाळीत तुझ्या ताटातली करंजी खाल्ली ती मोठी आजी.

मला एकटीला पेन्शन मिळते आणि माझ्याकडे मागणारं कुणी नाही. माझी पोरं मोठी झाली, ती उलट मलाच विचारतात, आई तुला काय हवं. याचा मला फार कंटाळा येतो. मागणारं माणूस घरात नसलं की म्हातारी बाई अडगळ होते.

तुझे आजोबा मला सगळं लिहितात. तुझ्या वयाची असताना मीही पुष्कळ गोष्टी मागितल्या नाहीत. तेव्हा सगळे म्हणायचे, कस्तुरा किती शहाणी. खरं सांगते बाळ, तो शहाणपणा मला मुळीच आवडायचा नाही. आज मी सत्तरीच्या पुढे आहे आणि अजून भज्यांच्या गाडीपाशी गेले की लहान मुलासारखी मागवते, एकटीच, दोन प्लेट.

तू मला एक काहीतरी माग. लहान-मोठं, महाग-स्वस्त, मिळण्यासारखं किंवा न मिळण्यासारखं. आजोबांना दाखवू नकोस. पाकीट चिकटवूनच त्यांच्याकडे टाकायला दे, आणि त्यांनी उजेडाला धरून बघितलं तर मला कळव.

तुझी
मोठी आजी

*

थेरगाव,
७ सप्टेंबर २०२५

प्रिय मोठी आजी,

जय भीम. आजोबांनी पाकीट उजेडाला धरलं नाही. पण दोनदा विचारलं, एवढं जाड का आहे. जाड नाहीये. मी कागदाची घडी जास्त घातली.

बूट आईनं काल आणले. मी नको म्हटलं होतं तरी आणले, एक नंबर मोठे, पुढच्या वर्षीपण चालतील म्हणून. ते मी मागितलेलं नाही, म्हणून ते धरू नकोस.

मी विचार करून लिहिते. तू म्हणालीस ना, न मिळण्यासारखं पण चालेल.

अनुयाच्या घरी बेल वाजली तेव्हा मीच दाराजवळ होते. दार मी उघडलं. पप्पा म्हणाले, "मॅडम, कोड सांगा." त्यांनी मला मॅडम म्हटलं. मग त्यांनी मला नीट बघितलं. मागून अनुयाची आई आली आणि कोड सांगितला. बाहेर खूप ऊन होतं आणि त्यांच्या टी-शर्टाला पाठीवर सगळा घाम होता. काकू मला म्हणाल्या, जा गं, काकांना पाणी आणून दे. मी आत गेले आणि बाथरूमची कडी लावून घेतली. अनुयानं बाहेरून विचारलं, काय झालं, तर मी सांगितलं पोटात दुखतंय. बाहेर आले तेव्हा ते गेले होते. त्यांना पाणी कुणी दिलं का ते मला माहीत नाही. मी विचारू शकत नाही.

सगळ्यांना वाटतं, आपल्याकडे पैसे नाहीत म्हणून मी काही मागत नाही. तसं नाही. मला मागताच येत नाही, पप्पांसमोर तोंड उघडलं की ते दार आठवतं.

तर मला हे हवंय. तू अनुयाच्या पत्त्यावर एक पार्सल पाठव. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. मोशीचा तो भाग अजून पप्पांकडेच आहे, मी त्यांना विचारून घेतलं, म्हणजे ते आणायला तेच येतील. कुठल्या दिवशी येणार ते मला आधी कळव, मी तिथे जाऊन बसेन. अनुयाला आणि काकूंनाही थांबवून ठेवेन. आत काहीही घाल, रिकामं असलं तरी चालेल.

पण दार मी उघडणार आहे. आणि पाण्याचा ग्लास माझ्या हातात आधीच भरलेला असेल.

तुझी
मैत्री